न दिलेले घेऊ नये



आपण पंचशील म्हणतो. त्यातलं दुसरं शील आहे, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. चोरीपुरतंच आपण हे शील समजतो. आज आम्ही ते हवा-पाण्याला लावून बघणार आहोत.

मुळशीकरांना हे नवीन नाही. इथं मुळा नदी अडवून पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथली वीज मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना होती. १९२१ साली सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालंच. गावं बुडाली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. आमच्या आधीच्या गिरणी कामगारांचं पोटही त्यावरच भरलं, हे विसरून चालणार नाही. इथल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, त्यामुळे मोबदलाही त्यांच्याकडे वळला. मग कसणाऱ्या कुळाला काय मिळणार? गावकुसाबाहेरच्या माणसाला कोण विचारणार?

जगाचा कारभारही असाच चालतो. कोळसा-तेल जाळून अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सरासरी १४ टन कार्बन वायू हवेत सोडतो. भारतातला सोडतो सुमारे २ टन. कारखाने निघाल्यापासून आजवर जमलेल्या वायूचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आपला शंभरात तीन-चार. पण पाऊस लहरी झाला की आधी कोरडवाहू शेतकरी आणि मजूर मरतो.

१९९२ साली रिओच्या परिषदेत सर्व देशांनी मान्य केलं की जबाबदारी सर्वांची, पण भार सारखा नाही. २००९ साली श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं.

म्हणून आपला देश जगाकडे न्याय मागतो, ते बरोबरच आहे. पण बंधूंनो, एकूण धुरात भारत आज जगात तिसरा आहे. ते २ टन म्हणजे सरासरी. त्यात चार गाड्यांचा बंगलेवाला आहे आणि चुलीपुढं डोळे चोळणारी आपली मायही आहे. तिच्या गरिबीमुळे सरासरी खाली येते, आणि त्या सरासरीच्या आडोशाला बंगलेवाला बसतो. जगात मागायचा तो न्याय घरात द्यायला नको काय?

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगितला. तोच धागा आपण धरायचा. गावात कुठलाही प्रकल्प येवो, ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी विचारा: पाणी कुणाचं जाणार? फायदा कुणाला? ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं काय? आयाबहिणींनी आधी विचारावं, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!