सीतेचा वनवास आणि आपला विटाळ



दुपारच्या परिसंवादात एका वाक्याला टाळ्या पडल्या. कलावंतांनी देवाधर्मातल्या बायकांच्या वाटेला जाऊ नये, लोकांच्या भावना दुखावतात. मी विचारते, कोणाच्या भावना? त्या लोकांत बाई धरली होती का?

इथे अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर स्त्रिया कोरल्या आहेत. साडेनऊशे पावसाळ्यांनी त्यांचे चेहरे झिजवले, पण जागेवरून कुणी हलवले नाही. आणि घरातल्या लेकीला ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस देवघराबाहेर बसवतात. दगडाची बाई देवळाची शोभा आणि जिवंत बाईचा विटाळ, हा कुठला न्याय?

हा प्रश्न परक्यांनी शिकवला, असे म्हणू नका. चोखोबांच्या पत्नीने, सोयराबाईने, तो चौदाव्या शतकात केला. विटाळ देहातच उपजतो, तर सोवळा देह कोणाचा, असे तिने विठ्ठलालाच विचारले. तिला आपण संत म्हणतो.

आता आजच्या एका चित्रकर्तीचे पाहा. नलिनी मालानी १९४६ साली कराचीत जन्मल्या. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या माणसांना याचा अर्थ मी सांगायला नको. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या आणि पुढे त्यांनी आपल्या चित्रांत सीतेला ग्रीक कथेतल्या मीडियाच्या शेजारी आणले. दोघीही नवऱ्याने टाकलेल्या. यात रामायणाचा अपमान कुठे झाला? आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून सीतेचा वनवास गात, रामाला बोलही लावत. आजीने गायली ती ओवी आणि चित्रकर्तीने रंगवले ते पाखंड?

कायदा झाला आहे, आता चित्रे कशाला, असेही कुणी म्हणाले. सर्व हिंदूंना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा आपल्या राज्याचा कायदा १९५६ चा. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या त्या २०१६ च्या गुढीपाडव्याला, तेही उच्च न्यायालयाने बजावल्यावर. मधली साठ वर्षे कायदा कागदावर होता आणि बाई चौथऱ्याखाली. माणसाच्या मनातला उंबरठा कायद्याने झिजत नाही. तिथे ओवी लागते, नाटक लागते, चित्र लागते.

म्हणून संयोजकांकडे माझे एकच मागणे आहे. पुढच्या वर्षी या सभागृहाच्या भिंती अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आपल्या तीन शहरांतल्या चित्रकार मुलींना द्या. त्या जे आणतील ते लावा. ज्यांना पटणार नाही त्यांनी चित्रासमोर उभे राहून खुशाल भांडावे. चित्र उतरवायला मात्र कुणी हात लावू नये.