दागिने आपणच उजळू

आमच्या गटातल्या एका ताईंनी दारावर आलेल्या माणसाला बांगड्या उजळायला दिल्या. बांगड्या लखलखल्या खऱ्या, पण सोनाराने वजन केलं तर दीड ग्रॅम कमी! त्याच्या पाण्यात सोनं विरघळवणारं तेजाब होतं.

तेव्हापासून आम्ही दागिने घरीच धुतो. चार-पाच रिठे रात्री भिजत घालतो, सकाळी कुस्करून पाणी गाळतो. ते कोमट करून त्यात दागिना दहा मिनिटं ठेवतो आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने घासतो. राख लावत नाही, ओरखडे पडतात. धुवायला परात घेतो. मोरीवर धुतलं आणि कडी सुटली, तर गेलीच म्हणायची.

लाख भरलेल्या पाटल्या आणि मोत्यांची नथ मात्र भिजवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. दोऱ्यात ओवलेली पोतही तशीच. पूर्ण सुकल्यावर सुती कापडात गुंडाळून ठेवा.

पेरणीला, दवाखान्याला हेच सोनं गहाण पडतं आणि तिथे गुंजेगुंजेचा हिशेब होतो. म्हणून दारावरच्याला एकच उत्तर द्या: "आमचं आम्ही धुतो."