रिपोर्टातले दोन छोटे आकडे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'स्टेज कोणती?' प्रश्न रास्तच आहे. गाठ किती खोल गेली, कुठवर पसरली, यावरच उपचार ठरतात. पण स्टेज एक, ऑपरेशन एक, तरीही एक रुग्ण लवकर सावरतो आणि दुसऱ्याची जखमच भरत नाही, असं का व्हावं? याचं उत्तर काही अंशी गाठीत नसून रुग्णाच्या शरीरात असतं.

रक्ताच्या रिपोर्टातले दोन आकडे त्याचा अंदाज देतात. पहिला अल्ब्युमिनचा. हे यकृतात तयार होणारं प्रथिन; १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. दुसरा सीआरपीचा. शरीरात कुठेही दाह सुरू झाला, की यकृत हे प्रथिन भराभर बनवू लागतं.

ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये या दोहोंची सांगड घालून गुणांची पद्धत मांडली. आधी फुप्फुसाच्या आणि पुढे आतड्याच्याही कॅन्सरसाठी. सुधारित पद्धतीत सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, शिवाय अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर दोन. गुण जास्त, तितका धोका जास्त.

इथे एक गैरसमज होतो. अल्ब्युमिन कमी, म्हणजे खाणं कमी. तेव्हा अंडी चारा, आकडा वाढेल! हे अर्धसत्य आहे. दाह चालू असताना यकृत अल्ब्युमिन बनवणंच कमी करतं. भूक मरते, स्नायू झिजतात. म्हणून आकडा लगेच हलला नाही, तरी खाणं सोडायचं नाही. स्नायू टिकवायला ते हवंच.

याच्या उलट, 'साखरेनं कॅन्सर वाढतो', 'दूध नको' असं ऐकून काही घरांत रुग्णाचं ताटच रिकामं केलं जातं. कृपा करून असं करू नका. वजनाच्या किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. दही, अंडं, मासे, मऊ वरण, जे रुचेल ते थोडं थोडं द्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आतड्यात अडथळा असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि वजनाची नोंद ठेवा. साठ किलोच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत सहा किलोंहून जास्त उतरलं असेल, तर ऑपरेशनआधी आवर्जून सांगा. कुपोषण तीव्र असेल आणि तातडी नसेल, तर एक-दोन आठवडे पोषण देऊन मग ऑपरेशन करणं हिताचं ठरतं.

हे आकडे म्हणजे ललाटलेख नव्हे. अनेक रुग्णांच्या अनुभवातून आलेला तो इशारा आहे. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना स्टेजबरोबरच एवढंही विचारा, 'यांचं पोषण कसं आहे?'