लाईट गेली, लाईट लागला

श्रोतेहो, आज एका पाहुण्या शब्दाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पाहुणा म्हणतो खरा, पण हा गृहस्थ आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याच्यासाठी आता कोणी वेगळा पाट मांडत नाही. तो सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. हा शब्द म्हणजे 'लाईट'.

अलिबागच्या उत्तरेला थळ नावाचे गाव आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे. तिन्हीसांजेला या गावात जा आणि नुसते कान उघडे ठेवा. एका घरातून हाक येते, "अगो, लाईट गेली!" इथे लाईट म्हणजे वीज. थोड्या वेळाने त्याच घरातून दुसरी हाक, "ओटीवरचा लाईट लाव." इथे लाईट म्हणजे दिवा. पाहिलीत गंमत? गेली ती लाईट, आणि लावायचा तो लाईट! वीज स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या जागी आलेली लाईट 'ती' झाली. दिवा पुल्लिंगी, म्हणून त्याच्या जागी आलेला लाईट 'तो' झाला. सगळीकडे असेच बोलतात असे नाही; कोणी 'लाईट गेले' असेही म्हणतो. पण शब्द इंग्रजांचा असला तरी त्याला नेसवलेले लुगडे आणि धोतर मात्र आपल्या घरचे आहे.

आता कोणी विचारील, 'वीज' हा चांगला शब्द असताना लाईट कशाला? त्याचे कारण आभाळात आहे. आपल्या बोलण्यात वीज चमकते आणि वीज पडते. तारेतून घरात येते ती लाईट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, आणि पुढे कित्येक दिवस गावोगाव एकच प्रश्न होता, "लाईट आली का?" वादळात 'वीज आली' म्हटले असते तर ऐकणारा आधी आभाळाकडे पाहून दचकला असता!

लाईटचे बिल येते ते केवळ दिव्यांचे नसते. पंखा, पंप, मासळीसाठी बर्फ करणारे यंत्र, सगळ्यांचा हिशेब त्यात असतो. तरीही ते 'लाईट बिल'च.

तरुण मंडळींनी तर या शब्दाला आणखी पाय फोडले. उशिरा उमजणाऱ्या माणसाला ते 'ट्यूबलाईट' म्हणतात. जुनी ट्यूब बटण दाबल्यावर दोनचार वेळा फडफडे आणि मग पेटे, त्यावरून हे नाव पडले. आता नव्या एलईडी ट्यूबा क्षणात पेटतात, पण माणसे काही तितकी सुधारली नाहीत. म्हणून नाव टिकून आहे. आणि एखाद्याने थट्टा मनाला लावून घेतली की मित्र म्हणतात, "अरे, लाईट घे!" म्हणजे मनावर घेऊ नकोस. लाईट नाश्ता हाही याच कुळातला.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजीत 'उजेड' या अर्थाचा लाईट आणि 'हलका' या अर्थाचा लाईट हे मुळात दोन निराळे शब्द. उच्चार एक झाला, एवढेच. पहिल्याचे नाते संस्कृतातल्या 'रुच्', म्हणजे प्रकाशणे, या धातूशी लागते. दुसऱ्याचे 'लघु' या शब्दाशी. आपला 'हलका' आणि आपला 'हळू' हेही या लघूचेच वंशज. म्हणजे "लाईट घे" म्हणणारा मुलगा नकळत एका फार जुन्या चुलतभावाला घरात बोलावीत असतो.

इथवर सारे गमतीचे झाले. आता पुन्हा थळच्या किनाऱ्यावर येऊ या, कारण तिथे या शब्दात पोटापाण्याचा प्रश्न आहे.

खांदेरीवर १८६७ सालचे दीपगृह आहे. शिवछत्रपतींच्या काळातला हा जलदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. रात्री समुद्रावरून परतणाऱ्या नाखव्याला त्या दीपगृहाची लाईट दिसली की आपण कुठे आहोत ते कळते. ही झाली वाट दाखवणारी लाईट. दुसरी लाईट बोटीवरची. रात्री चालणाऱ्या यांत्रिक बोटीला डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा लावावा लागतो. त्यावरून समोरच्या बोटीला तिचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते समजते आणि टक्कर टळते. ही लाईट नियमाने सक्तीची.

आणि तिसरी? काळोख्या रात्री जनित्रावर मोठमोठे एलईडी दिवे पेटवायचे, उजेडाला भुलून मासळी गोळा झाली की तिला जाळ्याने वेढायचे. लहानमोठी सारी मासळी एकदम हाती लागते आणि छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात यायला फारसे काही उरत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीला बंदी घातली. महाराष्ट्राने सागरी मासेमारीचा आपला १९८१ चा कायदा २०२१ साली सुधारून दंड वाढवले. ही लाईट बेकायदा.

म्हणजे बघा, बोटीवर लाईट नसली तर गुन्हा, आणि लाईट असली तरी गुन्हा! किनाऱ्यावरच्या दोन माणसांत यावरून घोटाळा होत नाही. हाताचा इशारा, आवाजातला राग, सारे काही सांगून जाते. पण तोच माणूस कचेरीत जाऊन "साहेब, रात्री समुद्रात लाईट दिसली" एवढेच लिहून देईल, तर कागदाला त्याचा आवाज ऐकू येत नाही. कागद विचारतो, कुठली लाईट? दीपगृहाची, वाट चुकू नये म्हणून लावलेली, की मासळी ओढण्यासाठी पेटवलेली?

तेव्हा श्रोतेहो, लाईटला घराबाहेर काढा असे मी सांगणार नाही. तो आता आपलाच आहे, आणि आपण सांगू ती कामे मुकाट्याने करतो. घरात खुशाल म्हणा, लाईट गेली, लाईट लावा, लाईट घ्या. पण जिथे हक्काचा प्रश्न असेल, अर्ज असेल, तक्रार असेल, तिथे एका शब्दावर सारा भार टाकू नका. 'मासळी गोळा करण्यासाठी लावलेले एलईडी दिवे' असे सबंध लिहा. सोबत ठिकाण आणि वेळ लिहा. थोडी शाई जास्त जाईल, पण अर्थ अंधारात राहणार नाही.