शपथ नाकारणारा लेखक



आज इंग्लंडमधील एका खटल्याची हकीकत सांगावयाची आहे. इ. स. १६३७ च्या डिसेंबरात जॉन लिलबर्न या तरुणास लंडन येथे अटक झाली. बिशपांची निंदा करणारी पुस्तके हॉलंडमध्ये छापवून स्वदेशी आणविल्याचा त्याच्यावर आरोप होता. 'स्टार चेंबर' या राजाच्या न्यायालयात ज्यूरी नसे. आरोपीने आधी शपथ घ्यावयाची आणि मग विचारतील त्याचे उत्तर द्यावयाचे. म्हणजे आपला गुन्हा आपल्याच तोंडाने शाबीत करावयाचा! लिलबर्नने ती शपथच नाकारली.

त्याला ५०० पौंड दंड, फटके व तुरुंगवास अशी शिक्षा झाली. एप्रिल १६३८ मध्ये त्याला गाडीमागे बांधून फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत फटके मारीत नेले. तेथे लाकडी चौकटीत मान अडकविली असताही तो लोकांशी बोलतच राहिला. तेव्हा त्याचे तोंड बांधण्यात आले.

परंतु तोंड बांधल्याने प्रश्न मिटत नसतो. १६४१ मध्ये पार्लमेंटने स्टार चेंबरच रद्द केले. राजसत्ता गेल्यावर १६४९ मध्ये नव्या सत्तेनेही त्याच्या पुस्तिकांवरून राजद्रोहाचा खटला भरला. या वेळी ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० प्रमाणे कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. कबुलीसाठी कोणी दरडावू लागला, तर हे कलम आठवा आणि मुलांनाही शिकवा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पाठीवर वळ सोसणाऱ्या माणसांनी जगाला मिळवून दिलेला हा हक्क आहे.