तिरुवैयारूची पौष पंचमी

(एका नगरातील हिवाळी संगीत सभेच्या उद्घाटनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मार्गशीर्ष उजाडला की महाराष्ट्रातील लहान-मोठ्या नगरांना उत्सवाची चाहूल लागते. सुगी घरात आलेली असते, रात्री मोठ्या झालेल्या असतात आणि माणसांना एकत्र बसावेसे वाटू लागते. कुठे व्याख्यानमाला, कुठे कीर्तन सप्ताह, कुठे शाळेच्या पटांगणावर गायनाची बैठक. अशा सभा नगराला नेमके काय देतात, आणि त्या टिकतात कशाच्या बळावर, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, कावेरीच्या तीरावर जावे लागेल. तिथल्या मातीशी मराठी माणसाचे जुने नाते आहेच.

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर तिरुवैयारू हे छोटेसे गाव आहे. पाच नद्यांचे स्थान म्हणून ते पंचनद क्षेत्र. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार त्यागराज यांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला. त्यांचे आयुष्य मात्र गेले ते तिरुवैयारूत. ६ जानेवारी १८४७ रोजी, पौष वद्य पंचमीला, त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी थोडेच दिवस त्यांनी संन्यास घेतला होता. कावेरीकाठी त्यांची समाधी बांधली गेली. आज दरवर्षी याच तिथीला देशभरातील गायक-वादक तिथे जमतात. तिकीट नाही, बिदागी नाही. ज्याच्या एका मैफलीसाठी महानगरांतील सभागृहे भरतात, तो कलावंतही इथे काही मिनिटांची हजेरी लावून समाधीला नमस्कार करतो आणि पुढच्याला जागा देतो. त्याच्यानंतर कदाचित एखादी शाळकरी मुलगी तंबोऱ्याशी बसते.

मराठी राज्य आणि रामनाम

त्यागराजांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर भोसले कुळातील राजे होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. या घराण्याने तलवारीइतकीच लेखणी आणि वीणाही जपली. शहाजीराजांनी तेलुगूत संगीत नाटके रचली आणि मराठीतही नाट्यलेखन केले. सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला, तोही त्यांनीच. तमिळ प्रदेश, मराठी राजा, दरबारात तेलुगू कविता आणि संस्कृत शास्त्र असा तो संगम होता. भाषा अनेक असूनही संस्कृती कशी एक राहते, हे सांगण्यासाठी तंजावरहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

परंपरा सांगते की, राजदरबाराने त्यागराजांना धनाचे आमंत्रण धाडले आणि त्यांनी ते नाकारले. 'निधि चाल सुखमा' ही कल्याणी रागातील कृती याच प्रसंगाशी जोडली जाते. धन सुखाचे की रामाचे सान्निध्य सुखाचे, असा तिचा प्रश्न आहे. हे आमंत्रण मराठी राजाचे होते, म्हणून मराठी श्रोत्याने संकोचण्याचे कारण नाही. गुण ओळखून बोलावणे धाडणारा राजा मोठाच. पण ते नम्रपणे परत करणारा आणि गावात उंछवृत्तीने, म्हणजे दारोदारी नाम गात मिळेल त्या धान्यावर राहणारा साधक त्याहून मोठा. तुकोबांच्या महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको.

देवाणघेवाण पुढेही चालू राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची मराठी कीर्तने तंजावरात गाजली. त्यांतून स्फूर्ती घेऊन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ कथाकारांच्या मुखी रुळले ते तेव्हापासून.

समाधीभोवतीचे तट

येथपर्यंतची कथा गोड आहे. परंतु उत्सवाचा खरा धडा पुढे आहे, आणि तो तितका गोड नाही.

त्यागराजांच्या पश्चात शिष्य विखुरले आणि समाधी झाडाझुडपांत हरवू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी काही वृद्ध शिष्यांनी तिचा शोध घेऊन डागडुजी केली. मग तिल्लैस्थानम् येथील नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर या बंधूंच्या पुढाकाराने सार्वजनिक आराधना सुरू झाली. पाठोपाठ काय आले असेल? जे प्रत्येक मंडळात येते तेच. मतभेद झाले आणि दोन पक्ष पडले. एक 'पेरिय कट्चि', म्हणजे मोठा पक्ष. दुसरा 'चिन्न कट्चि', म्हणजे लहान पक्ष. एक पंचमीपूर्वीचे दिवस घेई, दुसरा पंचमीपासूनचे. ज्या संताने स्वतःपुरते काही ठेवले नाही, त्याच्या पुण्यतिथीची वाटणी झाली!

दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत होते. स्त्रियांनी तिथे गायचे नाही. सनईच्या कुळातले नागस्वर हे मंगलवाद्य वाजविणाऱ्यांनाही बरोबरीचे आसन नव्हते. मिरवणुकीच्या पुढे त्यांनी वाजवावे, मैफलीच्या मंचावर मात्र बसू नये, अशी ती रीत होती.

अशा वेळी या कथेत बंगलोर नागरत्नम्मा येतात. जन्म १८७८, देवदासी परंपरेतील, मद्रासमध्ये गायिका म्हणून कीर्ती आणि संपत्ती मिळविलेल्या. समाधीच्या दुरवस्थेची वार्ता त्यांचे गुरू बिडारम् कृष्णप्पा यांच्याकडून त्यांना कळली. त्यांनी आयुष्याची कमाई या कामी लावली. जागा मिळविली, १९२१ मध्ये बांधकामाला आरंभ केला आणि जानेवारी १९२६ मध्ये त्यागराजांच्या मूर्तीची स्थापना झाली. आज देशभरचे कलावंत ज्या मंदिरापुढे बसतात, ते या एका स्त्रीच्या द्रव्यातून व कष्टांतून उभे राहिले आहे.

आणि त्याच मंदिरात त्यांना गाण्याची अनुमती मिळाली नाही.

नागरत्नम्मांनी काय केले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. त्यांनी दिलेले दान परत मागितले नाही. मंदिराला कुलूप घातले नाही. १९२७ पासून मंदिराच्या मागील बाजूस त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. पुढे पुरुषांचे दोन पक्ष आणि मागे स्त्रियांचा तिसरा. लोकांनी त्याला 'पेण्गळ कट्चि', स्त्रियांचा पक्ष, असे नाव दिले. वर्षामागून वर्षे ही सेवा चालली. स्त्रियांचे गायन ऐकण्यास माणसे येऊ लागली, आणि समोरच्यांना हळूहळू उमगले की जे थांबवावयाचे होते ते थांबलेले नाही.

एकस्वर कसा साधला

१९४०-४१ च्या सुमारास मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर आणि एस. वाय. कृष्णस्वामी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी हे तिन्ही पक्ष एक झाले. ऐक्याचे आवाहन करणारी भाषणे झालीच असतील. पण उपाय भाषणाचा नव्हता, तो गाण्याचाच होता. सर्वांनी मिळून एकत्र गावे असे ठरले. मग काय गावे? त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती निवडल्या गेल्या. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री हे त्यांचे पाच राग, पाचही आदितालात.

ही निवड विचारपूर्वक झाली होती. दक्षिणेतील मैफलीत आलापी आणि स्वरकल्पनेला मोठा वाव असतो. तिथे गायकाची प्रतिभा दिसते आणि त्याचबरोबर स्पर्धाही डोकावते. पंचरत्न कृतींची बांधणी मात्र रचनाकाराने पक्की करून ठेवलेली आहे. स्वरांची मालिका आधी सरगम म्हणून गायची, मग त्याच स्वरांवर शब्द गायचे. तिथे एकट्याने चमकण्यास जागाच नाही. निरनिराळ्या गुरुपरंपरांचे पाठ वेगळे होते; एकत्र गाण्यासाठी प्रत्येकाला आपल्या पाठातील थोडे सोडून समान पाठ स्वीकारावा लागला. ज्याने सोडले त्याचे काही गेले नाही, आणि सर्वांचा मिळून एक आवाज झाला.

त्या एका आवाजात आता स्त्रियांचाही आवाज होता. पाचवी कृती श्रीरागातील. तीत त्यागराजांनी जगातील सगळ्याच थोर जनांना वंदन केले आहे. ती गाताना कुणाला मागच्या अंगणात बसविणे कठीणच होते! नागरत्नम्मा १९५२ मध्ये निवर्तल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. ज्यांना मागील बाजूस बसविले गेले, त्यांना अखेर संतासमोरचे स्थान लाभले.

आज पंचमीच्या सकाळी त्यागराजांच्या घरापासून उंछवृत्तीची दिंडी निघते, भजन गात समाधीपाशी येते, आणि समोरासमोर रांगांत बसलेले शेकडो कलावंत पंचरत्ने गातात. आकाशवाणीमुळे तो स्वर घरोघरी पोहोचतो. उत्सव निर्दोष आहे असे नाही. पुढच्या रांगेची ओढ तिथेही आहे, कॅमेऱ्यांची गर्दी तिथेही आहे. तरीही एकत्र गायनाचा तो तास कुणाच्या मालकीचा नसतो, ही त्याची पुण्याई आहे.

आपल्या नगरासाठी

आता आपल्या अंगणाकडे वळू. हिवाळी महोत्सव आज गावोगावी होतात ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण किती ठिकाणी सत्कार, हारतुरे आणि प्रास्ताविक यांत तास जातो आणि गायकाच्या वाट्याला रात्रीचा उरलासुरला वेळ येतो? किती नगरांत एकाच आठवड्यात दोन समित्यांचे दोन महोत्सव, त्याच श्रोत्यांना ओढत, समोरासमोर उभे राहतात? रांगोळीपासून भोजनापर्यंत सारे भगिनींनी करावे आणि कार्यकारिणीच्या यादीत त्यांचे नाव शेवटी यावे, हे कुठे घडत नाही? आणि प्रवेशद्वाराशी सनई-चौघडा वाजविणारा कलावंत? उद्घाटनाची वेळ झाली की त्याला खूण करून थांबविले जाते. त्याचे वादन मंचावर, पूर्ण अर्धा तास, शांतपणे ऐकणारी सभा किती नगरांत आहे?

तिरुवैयारूची नक्कल करावयाची गरज नाही. पण चार गोष्टी सहज घेता येतील. महोत्सवाचा निदान एक दिवस बिदागीविना, सेवा म्हणून व्हावा आणि त्या दिवशी नामवंत व नवशिके यांना सारखीच मिनिटे मिळावीत. एखादी रचना नगरातील सर्व संगीतवर्गांनी वर्षभर एकाच पाठाने शिकावी आणि त्या दिवशी एकत्र गावी; ज्या गुरुजनांचे एकमेकांकडे जाणेयेणे नाही, तेही त्या निमित्ताने एका सतरंजीवर बसतील. सत्कार असलेच तर गायन संपल्यावर व्हावेत. आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारला जावा: आपल्या या उत्सवात मंदिराच्या मागील बाजूस कोण बसले आहे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या नगराला प्रामाणिकपणे देता येईल, त्याची सभा पिढ्यान्‌पिढ्या चालेल. देणग्या आटतील, कार्यकर्ते बदलतील, मंडपही लहान होईल. पण गाणारा समाज उरेल. समाधी झाडाझुडपांत हरवू लागली होती, तेव्हाही त्यागराजांच्या कृती शिष्यांच्या कंठात होत्याच. समाधी पुन्हा उभी राहिली ती त्या कंठांमुळे.