नव्या घराला ओल आली, तर पैसे कोण देणार?

आजचा विषय घराच्या विम्याचा. विमा काढावा की नाही, ते नंतर कधीतरी. आज बोलायचंय ते क्लेम नाकारला जातो तेव्हाबद्दल.

समजा, नवीन फ्लॅट घेतला, विमाही काढला. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. रंगाचे पोपडे निघाले, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला. क्लेम टाकला, सर्व्हेयर येऊन फोटो काढून गेला, आणि मग पत्र आलं: क्लेम नामंजूर. राग येणारच हो! पण आधी पॉलिसी उघडून बघूया.

एक गोष्ट लक्षात ठेवा: घराचा विमा घटनेचा असतो, दोषाचा नसतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी आहे. तिच्यात घटनांची यादीच दिली आहे. आग, भूकंप, पूर, वीज पडणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वगैरे. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल त्या यादीत नाही. जमीन खचणं यादीत आहे, पण तिथेच पुढे अपवाद आहेत: नवं बांधकाम बसताना पडणारे नेहमीचे तडे, भरावाची जमीन दबणं, सदोष डिझाइन, निकृष्ट काम किंवा माल.

म्हणून क्लेम लिहिताना जे खरं घडलं ते नेमकं लिहा. "भिंत ओली आहे" यावरून काहीच कळत नाही. खरोखर पाइप फुटला असेल, तर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठला पाइप, कोणी बंद केला, हे सगळं लिहा. फुटलेला तुकडा फेकू नका. प्लंबरचं बिल ठेवा.

आणि दोष बांधकामाचाच असेल तर? मग दार बदला. रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही केला, तर भरपाई मागता येते.

खरी गोची इथेच होते. माणसं विमा कंपनीशी पत्रापत्री करत बसतात आणि इकडे ही ५ वर्षं सरत जातात. कंपनीच्या उत्तराची वाट बघू नका. क्लेम टाकाल त्याच आठवड्यात बिल्डरलाही लेखी कळवा, फोटोंसकट. आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवर "साहेब, जरा बघा ना" एवढ्यावर भागवू नका.

जुनं घर एखाद्याकडून विकत घेतलंय? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगायलाच हवा. अडचण पुराव्याची. 'त्याला माहीत होतं' हे दाखवावं लागतं. सोसायटीकडे त्याने पूर्वी गळतीची तक्रार केली होती का, विचारा. सेक्रेटरींच्या फाइलमध्ये सापडू शकते.

क्लेम चुकीचा नाकारलाय असं वाटतं? आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. पण एका वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे मुदत २ वर्षांची.

तेव्हा मंडळी, भिंतीवर डाग दिसला की रंगाऱ्याला बोलावण्याआधी फोटो काढा, तारीख लिहा. वर रंग मारला की डाग जातो, पुरावाही जातो! तुमच्याकडे असं काही चालू असेल तर जरूर कळवा. आज इथेच थांबूया.